सोमवार साडेअकराचा बर्फ

राष्ट्राची शिस्त त्याच्या बर्फावरून ओळखावी, असं हिमगती मोजणी व नियमन कार्यालयाच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलेलं आहे, आणि त्यात खोटं काहीच नाही. रस्ते, पूल, इस्पितळं लोकांना दिसतात, म्हणून लोक त्यांच्याबद्दल तोंड उघडतात. बर्फ ध्रुवाजवळ असतो. तो कुणाला दिसत नाही. त्यामुळे त्याच्या बाबतीत सरकारला अगदी मन लावून काम करता येतं.

कार्यालयाच्या ताब्यात बर्फ एकच आहे, पण मोठा. जमिनीवरून घसरत येऊन समुद्रावर तरंगत राहिलेली एक लादी. लांबी दीडशे किलोमीटर, रुंदी ऐंशी, जाडी तीनशे मीटर. कागदोपत्री नाव 'तरंगती हिमलादी क्रमांक एक'. (क्रमांक दोन नाही. पुढेमागे मिळाली तर पंचाईत नको.) ही लादी दिवसाला साधारण एक मीटर समुद्राकडे सरकते. ती किती सरकली हे कळावं म्हणून तिच्यावर एक लाकडी खोली ठेवलेली होती. खोलीच्या छपरावर आपली जागा उपग्रहांना विचारून घेणारं एक यंत्र होतं आणि छपराखाली चार माणसं होती. इकडे शहरात, तिसऱ्या मजल्यावर, अठ्ठेचाळीस माणसं होती. म्हणजे गारठणाऱ्या दर माणसामागे बारा माणसं खुर्चीवर. जगातल्या कुठल्याही बर्फाला इतकं मनुष्यबळ लाभलेलं नाही.

या अठ्ठेचाळिसांपैकी सत्तेचाळीस जण बर्फाबद्दल लिहीत. बर्फाचा आकडा घेणारा एकच होता. त्याला सगळे नोंदकारकून म्हणत. चाळिशीचा, अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. त्याची सख्खी थोरली बहीण त्या खोलीतल्या चौघांपैकी एक होती. यंत्रं, ट्रॅक्टर, शेगडी, जे बंद पडेल ते दुरुस्त करायचं काम तिचं. बाकी तिघांत एक आचारी, एक हवामानवाला, आणि एक तिघांवर लक्ष ठेवायला नेमलेला पर्यवेक्षक, जो बहुतेक वेळ झोपलेला असे.

मोजणीची पद्धत अशी. छपरावरचं यंत्र दर मिनिटाला आकडा पाठवायचं. हा यंत्राचा आगाऊपणा होता. कार्यालयाच्या नमुन्यात वर्षाला सव्वीस चौकोन, त्यामुळे आकडा दर दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेअकरालाच घ्यायचा. रविवारी साडेअकरापासून सोमवारी साडेअकरापर्यंत लादी जेवढी सरकली, ती त्या पंधरवड्याची हिमगती. उरलेल्या तेरा दिवसांत बर्फाने काय केलं हा त्याचा खासगी प्रश्न. (सोमवार का? मंगळवारी बैठक असते. साडेअकरा का? अकराला चहा येतो.)

आता समुद्राला पंचांग कळतं, सोमवार कळत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते, पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं. लादी जिथे जमिनीवर टेकलेली असते तिथली तिची पकड त्या दिवसांत सैल होते आणि ती झपाट्याने पुढे जाते, दिवसाला एकशेवीस सेंटिमीटर. मधल्या दिवसांत भांगाची भरती असते, पाणी आळसावतं, लादीही आळसावते, ऐंशीवर येते. उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत पावणेपंधरा दिवस लागतात. कार्यालयाचा पंधरवडा चौदा दिवसांचा. हा पाऊण दिवसाचा फरक कुणी पाहिलाच नाही, कारण पाऊण दिवसासाठी नमुन्यात चौकोन नव्हता.

या पाऊण दिवसाने मात्र अकरा माणसांची आयुष्यं घडवली आणि बिघडवली.

झालं असं की, एखादा सोमवार नेमका उधाणात सापडला की आकडा एकशेवीस यायचा. पुढच्या खेपेला सोमवार पाऊण दिवस आधी, मग आणखी पाऊण दिवस आधी, असं करत करत साडेचार महिन्यांत तो भांगात जाऊन पडायचा आणि आकडा ऐंशीवर यायचा. मग साडेचार महिने परत चढण. बर्फ होता तसाच पंधरा दिवसांत वर-खाली करत होता. कार्यालयाला मात्र दिसायचं की बर्फ साडेचार महिने बिघडत जातो आणि साडेचार महिने सुधारत जातो. आकडा चढत गेला की वरिष्ठ संतापत आणि एकशेवीसला पोचेपर्यंत संचालकाची बदली जुन्या फायलींच्या गोदामावर होई. मग नवा माणूस येई. येताच आकडा उतरायला लागे. ऐंशीला पोचेपर्यंत त्याला बढती, पदक आणि मोठी गाडी मिळे. मग त्याच्या जागी नवा माणूस येई, बिचारा.

अकरा संचालकांचा अभ्यास करून टिप्पणीबाईंनी, म्हणजे साहेबांसाठी टिप्पण्या लिहिणाऱ्या मुख्य बाईंनी, एक अहवाल तयार केला होता. त्यानुसार यशस्वी संचालक सहा, अयशस्वी पाच. यशस्वी सहापैकी चौघे मिशी ठेवत. अयशस्वी पाचपैकी तिघे डबा घरून आणत. त्यावरून संचालकांनी डबा आणू नये असं परिपत्रक निघालं, आणि ते आजही लागू आहे.

आत्ताचे अकरावे साहेब उतरणीवर आलेले होते. मिशी होती. त्यांनी 'हिमशिस्त मोहीम' काढली, लादीवर 'सावकाश' अशा तीन पाट्या रोवायला लावल्या आणि पाट्यांनंतर चारच महिन्यांत आकडा एकशे अठरावरून चौऱ्याऐंशीवर आला. (पाट्याही बर्फाबरोबर पुढे गेल्या, पण सावकाश.) त्यांच्या नावाची पदकासाठी शिफारस झाली होती.

त्या चौऱ्याऐंशीच्या सोमवारी नोंदकारकुनाने आकडा चौकोनात लिहिला आणि नियमाप्रमाणे उपग्रहफोनवरून खोलीशी बोलला. पाच मिनिटं, फक्त कामाचं.

"बोल धाकट्या," पलीकडून ताई म्हणाली. "घेतलास आकडा? झाले तुझे साहेब खूश?"

"चौऱ्याऐंशी. ताई, कामाचं बोल, इथे नोंद होते."

"मग कामाचंच ऐक. आपली खोली समुद्राच्या बाजूला आहे आणि खोलीच्या मागे, जमिनीच्या बाजूला, दोन किलोमीटरवर भेग पडलीय. मागच्या उधाणाच्या आधी मी तिच्यावर शिडी आडवी टाकून चालत जायचे. आता शिडी पुरत नाही. दोन हात कमी पडते. ओहोटीला भेग तोंड वासते, भरती पूर्ण चढली की जरा मिटते. पण प्रत्येक उधाणात आधीपेक्षा जास्त वासते आणि आधीपेक्षा कमी मिटते. पुढच्या सोमवारी मोठं उधाण आहे. त्यानंतर ती मिटायची नाही, लिहून घे."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण लादीपासून सुटलेल्या तुकड्यावर. चौघं, एक खोली आणि तुझं लाडकं यंत्र. शहाणपणा करून खोली हलवायचा हुकूम काढ. ट्रॅक्टर आहे, फळ्या आहेत. जमिनीवरच्या काळ्या खडकापर्यंत ओढत नेते. शुक्रवारपर्यंत भेग ओलांडता येईल. नंतर नाही."

"पर्यवेक्षक काय म्हणतात?"

"घोरतायत. उठवू?"

खोली हलवण्यासाठी कार्यालयात एक नमुना आहे आणि तो सुंदर आहे. त्यात खोली का हलवायची याची सात कारणं दिलेली आहेत, त्यांतल्या एकावर खूण करायची. 'भेग' हे कारण नाही, 'इतर' हेही नाही. पण 'अतिवेग' हे आहे, आणि त्याला अट अशी की शेवटचा आकडा एकशेदहाच्या वर हवा. ज्या संचालकाच्या काळात आकडा एकशेदहाच्या वर असतो, तो ही परवानगी देत नाही, कारण त्याने स्वतःचं अपयश कबूल केल्यासारखं होईल. ज्याच्या काळात तो खाली असतो, त्याला अटीमुळे देता येत नाही. खोली गेली चार वर्षं अशा रीतीने सुरक्षित होती.

नोंदकारकुनाने आयुष्यात पहिल्यांदा आगाऊपणा केला. दोन दिवस बसून यंत्राचे दर मिनिटाचे वर्षभराचे आकडे काढले, त्यांचा आलेख केला आणि बुधवारी साहेबांच्या टेबलावर पसरला. आलेख करवतीच्या पात्यासारखा दिसत होता.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"आपला बर्फ, साहेब."

"इतका वर-खाली?"

"भरती-ओहोटीमुळे. आपण नेमक्या शांत दिवशी मोजतोय. पुढच्या सोमवारी मोजलं तर एकशेवीस येतील."

"पुढच्या सोमवारी आपण मोजत नाही."

"हो साहेब, तेच सांगतोय."

साहेबांनी बराच वेळ आलेखाकडे पाहिलं. मग टिप्पणीबाईंना विचारलं, "समुद्र आपल्याकडे आहे का हो?"

"नाही साहेब. समुद्र सागर खात्याकडे. आपल्याकडे फक्त गोठलेलं पाणी, तेही वितळेपर्यंत."

"म्हणजे भरतीचा उल्लेख करायचा तर त्यांचं ना-हरकत पत्र लागेल."

"लागेल. साधारण तीन महिने."

"साहेब, भरती चंद्रामुळे येते," नोंदकारकून म्हणाला. त्याला वाटलं, याने काम सोपं होईल.

"चंद्र कुणाकडे आहे?"

बाईंनी वही उघडली, बोट फिरवलं. "चंद्र अजून कुणाकडेच दिलेला नाही साहेब."

"मग त्याचं नावसुद्धा फायलीत घेऊ नका. उद्या आपल्याच गळ्यात मारतील."

"साहेब, तिथे चार माणसं आहेत. त्यात माझी बहीण आहे."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आलेखाची व्यवस्थित घडी घातली. "अहो, मलाही बहीण आहे. पण विचार करा. चार महिने घाम गाळून आपण बर्फ ताळ्यावर आणला. आता खोली हलवली तर बाहेर काय संदेश जाईल? की बर्फ हळू चाललाय आणि आपण पळतोय? आणि हा आलेख. यात रेषा फार आहेत. माणसाला एका नजरेत आनंद झाला पाहिजे, असा काढा."

गुरुवारी दुपारी तो फोनच्या खोलीबाहेर उभा होता. फोन सोमवारखेरीज वापरायला मनाई होती आणि किल्ली टिप्पणीबाईंकडे असे. बाई आपल्या टेबलावरून उठल्या, पदर सारखा केला.

"मी चहाला चाललेय. किल्ली डावीकडच्या खणात आहे. मी ती तुम्हाला दिलेली नाही."

"बाई..."

"आणि थोडं मोठ्याने बोला. तुमचा आवाज बाजूच्या टेबलापर्यंत पोचत नाही, ध्रुवापर्यंत काय पोचणार?"

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. "आज कोणता वार रे? इथे सगळे पांढरेच."

"गुरुवार."

"मग नाही म्हणाले."

"नमुन्यात बसत नाही म्हणाले. ताई, मी परत विचारतो, मी लेखी देतो, मी वरती..."

"धाकट्या, पुरे. लहानपणी चेंडू शेजाऱ्यांच्या अंगणात गेला की तू दारात उभा राहून परवानगी मागायचास आणि मी भिंतीवरून उडी मारायचे. त्यांचं दार कधी उघडलं का?"

"हुकमाशिवाय सरकारी खोली हलवलीस तर चौकशी लागेल. नोकरी जाईल."

"तुकड्यावर बसून समुद्रात गेले तर नोकरी राहील. काय करू त्या नोकरीचं, पाण्यात?" मग म्हणाली, "उद्या दोन चाळीसला भरती पूर्ण चढेल. भेग तेव्हा सगळ्यात अरुंद. तुला यातलं काही माहीत नाही. आईला सांग, मी वेळेवर जेवते."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं सांगितलंस तर ती तुझ्या साहेबांच्या घरी जाऊन बसेल. साहेबांची दया येते मला."

शुक्रवारी दुपारी तो आपल्या पडद्यासमोर बसला. पडद्यावर एक हिरवा ठिपका असे, म्हणजे छपरावरचं यंत्र, म्हणजे खोली, म्हणजे ताई. चार वर्षांत तो ठिपका नुसत्या डोळ्यांना हलताना दिसला नव्हता. एक वाजून पंचावन्न मिनिटांनी तो चालू लागला. कोपऱ्यातला आकडा भराभर बदलला आणि स्थिरावला: हिमगती, दिवसाला शहाण्णव किलोमीटर. कार्यालयाच्या इतिहासातला हा सर्वाधिक वेग होय. पण तो शुक्रवार असल्यामुळे तो वेग घडला नाही.

दोन पंचवीसला ठिपका भेगेपाशी येऊन थांबला.

बाजूच्या टेबलावर 'हिमशिस्त' या शब्दाची पाटी कोणत्या रंगात करावी यावर वाद चालला होता. दोन चाळीस झाले. ठिपका जागचा हलला नाही. दोन पन्नास. फळ्या पुरल्या नसतील. ट्रॅक्टर बंद पडला असेल, पण तिच्या हाताखाली ट्रॅक्टर बंद पडत नाही. पाणी आता उतरायला लागलं असेल आणि भेग मिनिटामिनिटाने तोंड उघडत असेल. निळा बरा की हिरवा, यावर मत द्यायला कुणीतरी त्याला हाक मारली. तो म्हणाला, "हिरवा." दोन सत्तावन्नला ठिपका चार मीटर पुढे गेला आणि थांबला. चार मीटर म्हणजे खोली अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. मग ठिपका आणखी सहा मीटर गेला. मग साठ. मग तो असा सुटला की नोंदकारकुनाने पडद्यासमोर उभी फाइल धरली आणि फायलीआड तोंड लपवून रडून घेतलं. बाजूच्यांना वाटलं, त्याला हिरवा रंग नाकारल्याचं वाईट वाटलं.

संध्याकाळपर्यंत ठिपका काळ्या खडकावर पोचला. खडक जमिनीचा भाग आहे. जमीन सरकत नाही.

पुढचे दहा दिवस कुणी काही विचारलं नाही, कारण विचारायचा दिवस आला नव्हता. तो आला. साडेअकरा वाजले. नोंदकारकुनाने आकडा पाहिला आणि फोन लावला.

"शून्य आलाय, ताई."

"खडक आहे बाबा, येणारच. ऐक, मंगळवारी सकाळी आवाज झाला. आमच्या कपाटातल्या बश्या फुटल्या, खडकावर असून. जुन्या जागी जाऊन बघितलं तर जागाच नाही. भेगेपुढची सगळी लादी गेली. पलीकडचा काठ दिसत नव्हता, एवढं पाणी. आचारी ते बघून दोन दिवस बोलला नाही. जेवण सुधारलं."

"आणि पर्यवेक्षक?"

"जागे झालेत. तेवढंच नुकसान." मग तिचा आवाज बदलला. "आता तू काय लिहिणार?"

तो काय लिहिणार हा खरा प्रश्न होता आणि त्याला दोनच उत्तरं होती. नमुन्यात 'ठिकाण' असा रकाना नव्हता. ठिकाण दरवेळी तेच असतं म्हणून कागद वाचवायला तो कधीच काढून टाकला होता. त्यामुळे खोली कुठे आहे हे सांगायचं तर वेगळं पत्र लिहावं लागणार. पत्र लिहिलं की लादी तुटली हे जगाला कळणार, आणि त्याच ओळीत हेही कळणार की यंत्रदुरुस्ती कर्मचारी बाईंनी हुकमाशिवाय सरकारी खोली, सरकारी यंत्र आणि सरकारी पर्यवेक्षक झोपलेल्या स्थितीत सोळा किलोमीटर ओढत नेले. निलंबन, चौकशी, शिक्षा. तिचा बचाव एकच: खोली तिथे असती तर चौघं मेले असते. तो बचाव मान्य करायला साहेबांना लादी तुटली होती असं मानावं लागलं असतं.

"तू म्हणशील ते लिहितो," तो म्हणाला.

"आई कशी आहे?" ताईने विचारलं.

त्याने शून्य लिहिलं. तो आकडा खरा होता. त्याने आयुष्यात एकही खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि त्याला हेच तर जाळत होतं.

साहेब धावत आले. आकडा बघून खुर्चीत बसले, उठले, परत बसले. त्यांनी नोंदकारकुनाला मिठी मारली. "थांबला!" ते म्हणाले. "मी म्हणत होतो ना? धाक लागतो!" टिप्पणीबाईंनी नोंदकारकुनाकडे पाहिलं, नोंदकारकुनाने टेबलाकडे पाहिलं, आणि दोघांनी मिळून तिथल्या तिथे प्रसिद्धीपत्रकाचा मसुदा केला, कारण ते त्यांचं काम होतं. साहेबांना पदक मिळालं. पुढे त्यांना धरणं आणि पूल खात्याचं प्रमुख केलं आहे. तिथेही तडे आता दर दुसऱ्या सोमवारी साडेअकरालाच मोजले जातात आणि लक्षणीय प्रमाणात कमी झाले आहेत. ताईला खोली स्वच्छ ठेवल्याबद्दल प्रशस्तिपत्रक आलं, त्यावर तिने शेगडी पेटवली. नोंदकारकून अजून नोंद करतो. दर दुसऱ्या सोमवारी एक शून्य. बदल्या थांबल्या, डब्यावरची बंदी तेवढी राहिली.

बर्फ थांबल्याची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. तुम्हीही वाचलीत, चौथ्या पानावर, वरच्या अर्ध्या भागात, साहेबांच्या फोटोसकट. "चला, एक काळजी मिटली," असं तुम्ही घरात मोठ्याने म्हणालातसुद्धा. त्याच पानावर, एक बोट खाली, सागर खात्याची जाहीर सूचना होती: समुद्रात नव्वद किलोमीटर लांबीचं एक बेवारस बर्फाचं बेट तरंगताना आढळलं आहे, भरतीबरोबर ते सरकत आहे, कुणाचं असल्यास तीस दिवसांत ओळख पटवून घेऊन जावं. तीही तुम्ही वाचलीत. "काय एकेक लोक असतात, काहीही हरवतात," म्हणालात, आणि पान उलटलंत.